हिरव्या खोलीतला डिस्चार्ज

"हा रंग नको लावू वं मिनल. दवाखाना दिसन," शेड कार्डावर बोट ठेवून शालिकराम म्हणाले होते. मिनलने सासऱ्यांचं जसं ऐकायचं असतं तसंच ते ऐकलं, म्हणजे मान हलवली आणि ऑर्डर दिली.

"मामाजी, फिकट हिरवा आहे. डोळ्यांना शांत वाटतो."

"दवाखान्यातबी शांतच वाटते. सुई येतपर्यंत."

रोशन पेंटरने दोन हात मारले आणि खोली खरंच शांत झाली. आठ महिन्यांची रेवा आणि तिचे आजोबा आता तिथेच राहणार होते. सोमवारी मिनल कॉलेजात शिकवायला परत रुजू होणार होती. तिने चार पाळणाघरं पाहिली होती. एका ठिकाणी प्लगपॉइंट खाली होता, एका ठिकाणच्या बाई शिंकल्या, उरलेल्या दोन्हींकडच्या बाया फारच गोड बोलत होत्या. म्हणून कुहीहून मामाजी आले होते. ते नसले तर नोकरीही नाही, एवढा सरळ हिशेब.

पण गेल्या वर्षी न्यूमोनियाने अकरा दिवस रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती राहिलेल्या माणसाला हा रंग ओळखीचा वाटला. पहिल्या दिवशी ते पोटावर हात ठेवून सरळ उताणे झोपले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "खिचडी पातळच दे." तिसऱ्या दिवशी मिनल रेवाचा ताप पाहत होती, तेव्हा त्यांनी मुकाट्याने आपली काख पुढे केली. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सिंधूताई रंग पाहायला आल्या. चपला बाहेर काढल्या, आवाज आपोआप बारीक झाला आणि बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवून म्हणाल्या, "आता बरं वाटून राहिलं ना भाऊजी?"

"पाहू, डॉक्टर काय म्हणते ते," शालिकराम म्हणाले.

मिनल नवऱ्यावर उखडली. "सुशील, तुझे बाबा नाटक करतात."

सुशीलने खोलीत नजर फिरवली. पाळण्याच्या पायथ्याशी दुधाच्या वेळांचा तक्ता, दारात सॅनिटायझर, दारावर चिठ्ठी: भेटण्याची वेळ पाच ते सहा. "रोशनने फक्त भिंत रंगवली, मेट्रनबाई," तो म्हणाला. "वॉर्ड तू उघडला."

शुक्रवारी सकाळी शालिकराम पिशवी भरून उभे. "डिस्चार्ज भेटला."

"कोणी दिला?"

"मीच घेतला. कुहीले जाऊन धानाचे पऱ्हे पाहून येतो, रोपं केवढी झाली ते."

मिनलने चिठ्ठी फाडली. तक्ता काढला, आधी मोबाईलवर त्याचा फोटो घेऊन. दुपारी रेवाने वरणाने माखलेला पंजा भिंतीवर छापला. मिनल ओलं फडकं घेऊन धावली, आणि भिंतीजवळ पोचून थांबली. त्या पिवळ्या पंजाचा फोटो तिने मामाजींना पाठवला. एकच टिक आली. आज रविवार, अजून एकच आहे. फोनही बंद. सुशील म्हणतो, चार्जिंग विसरले असतील. मिनलच्या डोक्यात मात्र कालपासून साप, विहीर आणि न्यूमोनिया आळीपाळीने येऊन राहिले आहेत.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी आज कुहीकडे जाणार असेल, तर मिनलची विनंती आहे, शालिकरामजींच्या घरी जरा डोकावून या. कोणीही घर दाखवेल. आधी चहा मागा. पिता पिता त्यांची छाती वाजते का ते ऐका, पण ऐकताय हे कळू देऊ नका. मग सांगा, भिंतीवर वरण सांडलंय, खोली आता अजिबात दवाखान्यासारखी दिसत नाही. सोमवारचा विषय अगदी शेवटी काढा.