शेवटची प्रार्थना कठड्याशी

मी देव मानत नाही, हे मी पहिल्या पगाराच्या दिवशी भर जेवणात आईला ऐकवलं होतं. काय गरज होती कोण जाणे. नवी नवी शिंगं फुटली होती. आई "बरं" म्हणाली आणि वाढत राहिली. त्यानंतर बारा वर्षं मी तिच्याबरोबर प्रार्थनेला गेले नाही, आणि तिनंही कधी चल म्हटलं नाही.

दरम्यान दादानं बक्कळ पैसा कमावला आणि वस्तीला नवं प्रार्थनागृह बांधून द्यायचं त्याच्या मनानं घेतलं. दादाला देव हवा होता, आणि दारावर स्वतःच्या नावाचा दगडही हवा होता. इमारतीचं काम अर्थातच इंजिनीअर बहिणीकडे आलं. वर एकशे ऐंशी खुर्च्यांची गॅलरी, मागच्या भिंतीतून पुढे काढलेली. "खाली एकही खांब नको. सगळं कसं मोकळं दिसलं पाहिजे," दादा म्हणाला. दुसरा कुणी इंजिनीअर असता तर त्यानं सरळ नाही म्हटलं असतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलेलीच होते. करून दाखवते म्हटलं, आणि दाखवलंही. खुर्च्यांच्या पाच रांगा, वजन सगळीकडे सारखं पसरलेलं, ताकद लागेल त्याच्या दीडपट ठेवलेली. हिशोबात तसूभर चूक नव्हती.

उद्घाटनाच्या सकाळी मी खाली पहिल्या रांगेत दादाशेजारी बसले होते. आई वर, कठड्याला लागून. शिवणकाम करून आम्हाला वाढवणारी माझी आई, मुलीनं बांधलेल्या गॅलरीत, नवं पातळ नेसून. शेजारणींना बोटानं काहीतरी दाखवत होती. मी दाखवण्यासारखीच आहे, असं मला वाटत होतं.

भजन सुरू झालं. दादा कानाशी आला. "फोटोवाल्याला सांगून ठेवलंय. आता शेवटच्या प्रार्थनेला वरचे सगळे कठड्याशी येऊन गुडघे टेकतील ना, काय दिसेल ते!"

"कठड्याशी का?"

"अगं, शेवटच्या प्रार्थनेला खुर्ची सोडून पुढे यायचं असतं. जुन्या जागेत नाही का, सगळे वेदीपाशी जायचे? वरच्यांना पुढे यायचं म्हणजे कठडाच."

भिंतीपाशी बसलेल्या माणसाचं ओझं गॅलरीला फारसं जाणवत नाही. तेच माणूस टोकाला आलं की सगळा ताण भिंतीच्या सांध्यावर येतो. एकशे ऐंशी माणसं टोकाला, एका क्षणी गुडघ्यावर. मनातल्या मनात गुणाकार केला. हिशोबात धरलेल्या ताणाच्या दुपटीच्या वर जात होतं, आणि ताकद मी ठेवली होती दीडपट. पुन्हा केला. तेवढाच आला.

भजनाची दोन कडवी उरली होती. एक कडवं मी नुसती बसून राहिले, हे सांगायलाच हवं. मनात काय काय आलं! लोखंड जरा जास्तच घातलंय, धरेल. सगळे थोडेच पुढे येतील? माझं नाव, माझा परवाना. आणि मग मी चक्क हात जोडले. सांभाळून घे म्हटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. लगेच स्वतःची किळस आली. चूक मी करायची, ती कबूल करायची लाज वाटली की देवाला पुढे करायचं, ही कसली भक्ती? दादाच्या दगडात आणि माझ्या हात जोडण्यात फरक तो काय राहिला?

मी उठले. दादानं मनगट धरलं. "कुठे निघालीस?"

"गॅलरी रिकामी करायला. माझं चुकलंय."

"वेडी आहेस का? आज? सगळ्यांसमोर?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुझा विश्वास नाही म्हणून आमच्या घासात खडा टाकू नकोस."

हात हिसडून मी धर्मगुरूंसमोरचा माइक घेतला. भजन विस्कटलं. "ही गॅलरी मी बांधली आहे," मी म्हणाले. आवाज माझा वाटेना. "माझी चूक झाली आहे. वरच्या लोकांनी..."

आणि वरचे लोक, काय गडबड आहे ते बघायला, उठून कठड्याशी आले.

वीस, तीस, चाळीस. मागचे पुढच्यांच्या खांद्यांवरून वाकायला लागले. भिंतीकडून कट्‌ असा कोरडा आवाज आला आणि गिलाव्याची भुकटी खालच्या बाकांवर पडली. मी ओरडत होते, "मागे व्हा, मागे व्हा," पण माइकमधून नुसता खरखराट निघत होता. मी माझ्या हातांनी माणसं टोकाला आणली होती.

तेवढ्यात आई सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. पाठ कठड्याला, दोन्ही हात पसरलेले. शिवणाच्या मशीनवरून आम्हाला हाक मारायची तोच आवाज. "माझी पोर चुकलं म्हणतेय, ऐकू येत नाही? आधी भिंतीकडे सरका. मग दाराजवळचे पहिले उतरा. पळायचं नाही."

ते सरकले. मुलीचं कुणी ऐकलं नसतं, त्या बाईचं ऐकलं. माणसं एकेक करून जिना उतरत होती आणि मी मोजायचं सोडून फक्त एका पातळाकडे बघत होते. आई शेवटची निघाली. तिचे गुडघे दुखतात, तिला घाई जमत नाही. टोकापासून दारापर्यंत पाच रांगा. एवढं लांब अंतर मी कधीच आखलं नव्हतं.

ती खाली आली तेव्हा वरचे-खालचे सगळे लोक बाहेर अंगणात उभे होते. दादा दारातल्या दगडाकडे पाठ करून बसला होता. गॅलरीखालून जिन्याशी जाऊन मी आईचे दोन्ही हात धरले.

"तू लहानपणी माझ्या हाताला धरून पुढे यायचीस," ती म्हणाली. "विसरलीस?"

"विसरले," मी म्हणाले.

"असू दे. माणूस विसरतं." तिनं माझ्या केसांवरची भुकटी झटकली. "पण नकाशा सहा महिने माझ्याच टेबलावर पसरलेला होता गं. मी रोज चहा आणून ठेवायची. मी एकदा विचारलं, शेवटच्या प्रार्थनेला आम्ही वरच्यांनी पुढे कुठे यायचं? तर म्हणालीस, आई, तुला यातलं कळणार नाही."