मोठ्या अक्षरांचं पुस्तक

देवानंद गुरुजी वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पिंपळगाव राजाच्या पलीकडच्या खेड्यातल्या शाळेत वीस वर्षं झाली, उगाच म्हणून एक रजा नाही. फक्त सरकारी वस्तू म्हटली की त्यांना धास्ती वाटायची. पृथ्वीचा गोल, नकाशे, नवी पुस्तकं, सगळं कपाटात कुलूपबंद. पोरांनी फाडलं तर वर उत्तर कोण देणार? साहेब तपासणीला आले की वस्तू टेबलावर मांडायच्या, ते गेले की पुन्हा कुलूप. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आजही साहेब येणार होते, म्हणून टेबल मांडून ठेवलं होतं. तेवढ्यात सिंधूताई आपल्या पाचवीतल्या लेकीला, महामायाला, घेऊन आल्या. महामायाला जन्मापासून फार कमी दिसायचं.

"हिचा दाखला द्या, गुरुजी," सिंधूताई म्हणाल्या. "मलकापूरले माह्या बहिणीचं लेकरू सांभाळाले धाडून राह्यली हिले. दिवाळीत तुमीच तं म्हणलं, पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही."

म्हटलं होतं खरं. वर्गात ओळीनं वाचन चालायचं, आणि महामायाची पाळी आली की गुरुजी हळूच "बस, बाई" म्हणून पुढच्याला उठवायचे. चारचौघांत पोरीची फजिती होऊ नये, एवढाच हेतू. असल्या दयेनं चार वर्षं खाल्ली. पहिलीत पाटीवर मोठी मोठी अक्षरं गिरवली होती, तेवढीच तिच्या पदरात पडली.

गुरुजी दाखल्याचे कागद शोधू लागले आणि मागून आवाज आला. अडखळत, अक्षराला अक्षर जोडत कुणीतरी वाचत होतं. वळून पाहतात तर महामाया टेबलावर ओणवी झालेली, नाक कागदाला टेकलेलं. समोर जाडजूड पुस्तक, त्यातलं एकेक अक्षर बोराएवढं. तिच्यासारख्या मुलांसाठीच छापलेलं.

"तुले वाचता येते?" सिंधूताईंनी विचारलं.

"हे दिसते मले, आई," महामाया मान वर न करता म्हणाली. तिचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं.

सिंधूताईंनी त्या बोटाकडे पाहिलं. "गुरुजी, हे पुस्तक आजच आलं का?"

हो म्हणणं सोपं होतं. साहेबांपुढे तर ते सहज म्हणाले असते. पण पोर वाचत होती आणि त्या आवाजापुढे त्यांची जीभ रेटेना.

"ही दुसरीत गेल्यापासून येतात," ते म्हणाले. "दरवर्षी. कपाटात होती. चुकलं माझं, सिंधूताई."

त्या भांडल्या असत्या तर गुरुजींना सोसलं असतं. पण त्या बाकावर बसल्या.

"वाचत नाही म्हून म्या हिले रोज मारलं, गुरुजी," त्या म्हणाल्या.