पडण्याची नोकरी

माणसाचा माणसावरचा विश्वास हाच समाजाचा पाया होय. हे वाक्य केंद्राच्या लोखंडी फाटकावर ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, आणि त्या फाटकाला दोन कुलुपं होती. एक रानडुकरांसाठी, एक मुलांसाठी, असं आचारी म्हणायचा.

आत, मैदानाच्या टोकाला, छातीइतक्या उंच फळीवर पडे काका सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. पडे हे त्यांचं आडनाव नव्हे, हुद्दा होता. डोंगरातल्या या केंद्रात शहरातल्या वसतिगृहांमधली मुलं आठवडाभरासाठी आणली जात. ज्यांना घर नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, अशी. त्यांच्यात समूहभावना रुजवायची असे. त्यासाठी होड्या होत्या, दोर होते, चढायला कडा होता. पण मुख्य प्रयोग फळीचा. हात छातीशी बांधायचे, डोळे मिटायचे आणि मागे पडायचं. खाली दोन रांगांत उभ्या असलेल्यांनी हातांवर झेलायचं. मुलं आधी तयार होत नसत, म्हणून पहिल्यांदा काकांनी पडून दाखवायचं. त्याचाच त्यांना पगार होता.

"परक्या पोरांच्या भरवशावर अंग टाकता," त्यांची बायको म्हणायची, "आणि माझ्या भाजीत मीठ आहे की नाही, ते मात्र आधी चाखून बघता."

"पोरांनी अजून एकदाही खाली पाडलं नाही. तू मीठ विसरतेस."

यावर पातेलं जरा जोरात आपटलं जाई आणि विश्वासाचा विषय संपे.

आज मात्र काकांनी फळीवर चढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला होता. त्याला कारण होतं, आणि ते कारण दुसऱ्या रांगेत उभं होतं.

त्या मुलीला सगळे रेडिओ म्हणत. तेरा वर्षांची, चढाला सगळ्यांना धाप लागली तरी हिचं बोलणं चालूच. परवा दुपारी सगळे गोल करून बसले होते. गोलात बोललेलं गोलाबाहेर जाणार नाही, हा केंद्राचा नियम काकांनी नेहमीप्रमाणे सांगितला होता. आणि रेडिओने बातमी दिली.

"रविवारी मी भावाला भेटायला जाते ना, त्याच्या वसतिगृहात? या रविवारी परत यायचंच नाही. त्याला घ्यायचं आणि बसने थेट मावशीकडे."

"पत्ता आहे का मावशीचा?" एकाने विचारलं. हा प्रत्येक गोष्टीत शंका काढायचा, म्हणून त्याला वकील म्हणत.

"गाव माहितीये. स्टँडवर उतरून मावशी म्हणून ओरडायचं. कुणाची तरी येईलच की."

सगळे हसले. काकाही हसले. नंतर त्यांच्या डोळ्यांसमोर ते स्टँड येऊ लागलं, आणि ओरडणाऱ्या मुलीच्या हाताला धरून उभं असलेलं एक लहान पोर. काल सकाळी ते संचालिका मॅडमकडे गेले.

"तिला जरा समजवायला हवं, मॅडम. रागवू नका. भावाला जास्त वेळा भेटू दिलं तर नाही पळणार ती."

"बरं केलंत सांगितलंत," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या वसतिगृहाला फोन लावला. वसतिगृहाने तिला समजावण्याच्या भानगडीत न पडता तिची बदलीच करून टाकली. भावापासून दिवसभराच्या प्रवासावर असलेल्या गावी. रविवारचा प्रश्न कायमचा मिटला.

मॅडमनी ही बातमी जेवणाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, तिच्या खांद्यावर हात ठेवून दिली. "हे तुझ्याच भल्यासाठी आहे, बाळ."

रेडिओने मॅडमकडे बघितलंच नाही. ती काकांना म्हणाली, "काका, गोलाबाहेर म्हणजे नक्की कुठपासून?"

काका वाढायचा डाव हातात घेऊन उभे होते. तो त्यांनी पातेल्यात ठेवला आणि पुन्हा उचलला. त्यानंतर तिने तोंड उघडलं नव्हतं. काकांनी मॅडमना पुन्हा गाठून बदली थांबवा म्हणून सांगून बघितलं. आता ते आपल्या हातात नाही, तुम्ही आपला कार्यक्रम पार पाडा, असं उत्तर मिळालं.

कार्यक्रम म्हणजे ही फळी.

"तयार?" काकांनी विचारलं. यावर सगळ्यांनी एका सुरात 'तयार' म्हणायचं असे.

मागून एकच आवाज आला, रेडिओचा. "पडा."

पाठोपाठ खडी वाजली. झेलायला येणारी पावलं पुढे सरकतात. ही मागे गेली होती. काकांना कळलं. गुडघा दुखतोय म्हणून उतरता आलं असतं. गुडघा खरोखरच दुखत होता. नुसतं मागे वळून बघता आलं असतं. पण वळून बघायचं नाही, हे इतकी वर्षं तेच शिकवत आले होते. त्यांनी हात छातीशी बांधले, डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं.

जमीन कठीण असते, हे त्यांना ऐकून माहीत होतं.

मुलं जागच्या जागी थिजली होती. "खरंच पडले," वकील हळूच म्हणाला. रेडिओ सगळ्यांत आधी खाली बसली.

"वळायचं ना, काका. मला वाटलं वळाल."

"वळलो असतो तर काय म्हणाली असतीस?"

तिने विचार केला. "म्हणाले असते, बघा, तुमचाही विश्वास नाही."

"मग."

एवढ्यात कॅमेरा सावरत मॅडम धावत आल्या. "कुणी हात काढले? मला नाव हवंय. त्याच्या वसतिगृहाला आत्ताच्या आत्ता कळवते."

रेडिओने तोंड उघडलं. पण काका आधी बोलले. "पाय सटकला, मॅडम. बुटांचे तळ गुळगुळीत झालेत."

"मी स्वतः बघत होते."

"तुम्ही फोटो काढत होतात."

रुग्णवाहिका फाटकापर्यंतच येऊ शकत होती, आणि फाटकापर्यंत नुसती पायवाट. मग कुणी न सांगता मुलांनी फळी सोडवली, तिच्यावर काकांना हलक्या हाताने सरकवलं, दोरांनी बांधलं. वकिलाने उंचीप्रमाणे माणसं लावली आणि या वेळी कुणी शंका काढली नाही. आठवडाभर होडीतसुद्धा भांडणारी मुलं एका पावलाने उतरू लागली. रेडिओ डोक्याच्या बाजूला होती.

"डावीकडे खड्डा. हळू, ओंडका नाही, काका आहेत ते. काका, शुद्धीवर आहात ना?"

"आहे."

मग बराच वेळ ती फक्त खड्डे सांगत राहिली. फाटक दिसू लागल्यावर काका म्हणाले, "मी बरा झालो की स्वतः जातो तुझ्या वसतिगृहात. सांगतो त्यांना."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं की काहीतरी होतं."

काकांनी डोळे मिटून घेतले. फळी कुठेही कलली नाही.

मॅडमनी त्या उतरणीचा फोटो काढला. तो फार सुंदर आला. केंद्राच्या माहितीपत्रकावर तोच छापला, खाली 'एकजूट' असं लिहून. काकांच्या कण्याला मार बसला होता; पुन्हा पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. चौकशी झाली, तीत बुटांचे तळ दोषी ठरले आणि सर्व कर्मचाऱ्यांना नवे बूट मंजूर झाले.

मुलगी गुरुवारी नव्या वसतिगृहात गेली. बूट पुढच्या महिन्यात आले, सगळे एकाच मापाचे.