जुळलेली पत्रिका

शिन यीच्या डाव्या मनगटावरचा लाल धागा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा होता. गाठ मनगटाच्या आतल्या बाजूला होती आणि धाग्याच्या जरा वर त्वचेवर एक फिकट पट्टा होता, आधीच्या धाग्याचा. म्हणजे हा दुसरा. पहिला जूनमध्ये बांधला होता, तिला लागोपाठ तिसऱ्यांदा ताप आला तेव्हा.

"पुन्हा?" मी हुई मिनला विचारलं.

"आई देवळात गेली होती. नवा आणला. तू काही बोलू नकोस."

मी बोलणार नव्हतेच. पाळणाघरात जाणाऱ्या दोन वर्षांच्या मुलीला वर्षातून आठ-दहा वेळा सर्दीताप होतो, हे तिच्या आईला, हुई मिनला, माझ्याइतकंच ठाऊक होतं. हुई मिन आणि मी सहा वर्षं एकाच प्रयोगशाळेत प्रथिनांचे स्फटिक वाढवतोय. राहतोही दोघी सिंगापूरच्या पासिर रिस भागातच, मध्ये फक्त दोन इमारती. दर शनिवारी सकाळी मी तिच्या फ्लॅटवर जाते. ती तासभर झोपून घेते आणि शिन यी आणि मी फरशीवर ठोकळे रचतो.

त्या शनिवारी मात्र मी नकार द्यायला गेले होते.

सात आठवड्यांपूर्वी कँटीनमध्ये हुई मिनने मला एकदम विचारलं होतं, "तुझं जन्मसाल कुठलं?"

"त्र्याऐंशी. ऑगस्ट."

तिने फोनवर काहीतरी पाहिलं आणि चार टेबलांपलीकडे ऐकू जाईल अशी ओरडली, "दमयंती, तू डुक्कर आहेस!"

इतक्या आनंदाने मला डुक्कर कुणी म्हटलं नव्हतं.

मग तिने समजावून सांगितलं. चिनी पंचांगात प्रत्येक सालाचा एक प्राणी असतो. शिन यी सशाच्या सालातली, हुई मिन कोंबड्याच्या. ससा आणि कोंबडा यांचं पटत नाही, म्हणून आईजवळ राहणं मुलीला बाधतं, असं हुई मिनच्या आईचं म्हणणं. उपाय असा की मुलीला आणखी एक आई द्यायची, जिचं साल सशाशी जुळतं. तिला गान-मा म्हणतात. डुक्कर आणि ससा यांचं उत्तम जमतं.

"होशील?"

"विचार करून सांगते," मी म्हणाले होते.

विचार करण्यासारखं शिन यीबद्दल काहीच नव्हतं. ती दारात दिसली की माझा आठवडा मागे पडतो. अडचण माझी होती. मी सत्तावीस वर्षांची असताना माझी पत्रिका तीन ठिकाणी गेली आणि तीनदा परत आली. कडक मंगळ. तिसऱ्या मुलाची आई आमच्या दिवाणखान्यात बसून माझ्या आईला म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो तुमची, पण आमच्या मुलाच्या जिवाला धोका नको." मी आत उभी होते. धोका म्हणजे मी. त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं, यापुढे माझी पत्रिका कुणालाही दाखवायची नाही. पंधरा वर्षं आम्ही दोघींनी ते पाळलं.

आणि आता माशाच्या सुपाचा वाडगा समोर असताना ती पुन्हा पाहिली गेली होती. या वेळी जुळली. पण जुळली म्हणून ती खरी मानायची, तर तेव्हा जुळली नव्हती तेही खरं मानावं लागतं. हे मला जमत नव्हतं.

पुण्याला भावाच्या बायकोला, नीताला, फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. "ताई, मानलेली आईच ना? मग हो म्हणून मोकळ्या व्हा की! का आधी यावर शोधनिबंध छापणार आहात?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हुई मिनने पुन्हा विचारलं नाही. पण हल्ली शनिवारी ती झोपायला जाताना दार पूर्ण लावून घेत नसे, जणू मी काही बोलले तर ऐकू यावं म्हणून. तिला असं ताटकळत ठेवणं बरोबर नव्हतं.

त्या दिवशी ती न झोपता खाली हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांवर, नाश्ता आणायला गेली. मी ठोकळ्यांपाशी बसले होते. तेवढ्यात शिन यी स्वयंपाकघरातून दोन्ही हातांत छोटा कप धरून माझ्याकडे आली. कोमट चहा, निम्मा वाटेत सांडलेला. लहान मुलाने एवढ्या कष्टाने आणलेल्या चहाला आमच्या घरी कुणी नाही म्हणत नाही. मी कप घेतला आणि ओठांना लावणार, तोच मागून हुई मिनच्या आई, आंटी, ओरडल्या.

"थांब! पिऊ नकोस!"

मी दचकले.

"मुलीच्या हातचा चहा प्यायलीस की तू तिची गान-मा झालीस. मग मागे फिरता येत नाही," आंटी म्हणाल्या. "मी तिला सराव करायला लावला होता, पण आज नव्हे. आधी तुझ्या तोंडून हो यायला हवं."

"पी लाह," शिन यी आजीच्याच ढंगात म्हणाली.

मी कप टेबलावर ठेवला. आंटी समोरच्या स्टुलावर बसल्या.

"नाही म्हणायला आलीस ना?"

"हो."

"आमचा देव वेगळा म्हणून?"

"नाही आंटी. साल बघून ठरवलंत म्हणून." आणि मग मी त्यांना तिन्ही स्थळांचं सांगितलं. सहा-सात वाक्यांत. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"मूर्ख बाई," त्या म्हणाल्या. मला की त्या मुलाच्या आईला, ते क्षणभर कळेना. "पोरीचं तोंड समोर असताना कागद काय बघायचा?"

"पण तुम्हीही तेच..."

"मी?" त्यांनी शिन यीच्या नाकाखालचं पुसलं. "ही झाली तेव्हा हुई मिन तीन महिने रडत होती. मी हात लावला की बाळ आजारी पडतं, म्हणायची. डॉक्टर सांगून थकले. शेवटी मी म्हटलं, तुझा काय दोष? तू कोंबडा, ती ससा, साल कुणाच्या हातात असतं? त्या दिवशी पहिल्यांदा सलग झोपली."

"म्हणजे तुमचा यावर विश्वास नाही?"

"आहे लाह, का नसेल? पण गान-मा शोधायचं ठरलं तेव्हा डोक्यात तूच होतीस. साल नंतर विचारलं. उंदीर निघाली असतीस तर मी दुसरं काहीतरी शोधून काढलं असतं."

मला हसू आलं. मी सात आठवडे ज्या पुराव्याशी भांडत होते, तो पुरावा निर्णयानंतर गोळा केलेला होता. प्रयोगशाळेत मी असं कुणाला करू दिलं नसतं. इथे मात्र खांद्यांतला ताण एकदम उतरला. मला कुणी कागदावरून निवडलं नव्हतं. आणि ज्या हिशेबाने मला धोका ठरवलं होतं, तसल्याच हिशेबाने या बाईंनी आपल्या लेकीच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं होतं. दोन्ही गोष्टी एकच मानायची माझ्यावर काही सक्ती नव्हती.

दार वाजलं. हुई मिन नाश्ता आणि पिशव्यांत भरून मिळणारी कॉफी बोटांना अडकवून आत आली. तिने टेबलावरचा न प्यायलेला चहाचा कप पाहिला, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा उतरला.

"राहू दे," ती घाईने म्हणाली. "खरंच, दमयंती. तुला अवघड वाटत असेल तर..."

"नाही," मी म्हणाले. "मी होणार तिची गान-मा."