उकिरड्यावरची टोपली

देवानंद पंचवीस वर्षांपासून वाघ काढत होता. जंगलाच्या फाटकापाशी रिसॉर्टं झाली, तिथल्या दुकानांत पर्यटकांना वाघाची चित्रं लागत. पाणी पिणारा वाघ, बांबूतून बाहेर येणारा वाघ, पिल्लांसोबतची वाघीण. नागभीडच्या घराच्या पडवीत बसून, फोटो बघून तो रंगवायचा. आता छप्पन्न वर्षांचा झाला होता. पट्टे ओढताना खांदा भरून यायचा आणि वाघाच्या डोळ्यात शेवटचा पांढरा ठिपका ठेवताना त्याला काहीच वाटत नसे.

त्याची बायको गोकुळा लग्नाआधीपासून तलावातली मासोळी धरून बाजारात विकायची. दोन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू लकव्यानं गेली. आता काठी टेकत ती पडवीपर्यंत यायची, खुर्चीत बसायची, परत जायची. स्वयंपाक देवानंद करायचा. भात कधी कच्चा राहायचा. ती तसाच खायची.

दिवाळीच्या आधी तिनं शेजारच्या रिनाला बोलावलं आणि आपलं कोपऱ्यातलं सामान उकिरड्यावर टाकायला लावलं. फाटकं जाळं, बांबूची टोपली, चेपलेला ॲल्युमिनियमचा डबा, तार लावून जोडलेली चप्पल. देवानंद रंग आणायला गेला होता. परत येताना त्याला ते राखेत पडलेलं दिसलं. त्यानं रंगांची पिशवी खाली ठेवली. मग सगळं गोळा करून मागच्या खोलीत ठेवलं. गोकुळाला सांगितलं नाही.

दुपारी ती झोपली की तो एकेक वस्तू स्टुलावर मांडायचा. शाळेत ड्रॉइंगच्या परीक्षेला मडकं आणि कांदे काढले होते. त्यानंतर समोरची खरी वस्तू बघून त्यानं काही काढलंच नव्हतं. डब्याच्या एका पोच्यात त्याचे तीन दिवस गेले. खांदा तेवढाच दुखायचा, पण उठावंसं वाटत नसे.

एक दिवस रिसॉर्टची मॅनेजरबाई वाघ न्यायला आली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत टोपलीचं चित्र भिंतीला टेकवलेलं होतं. बाई थेट आत गेली.

"हे कुणी काढलं? तुम्ही? आमच्या जेवणाच्या हॉलमध्ये अशीच चित्रं हवीत. अजून आहेत का?"

देवानंद उत्तर देणार, तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. गोकुळा दारात उभी होती. तिनं चित्राकडं पाहिलं, मग स्टुलावरच्या चपलेकडं.

"हे माह्यं हाय," ती म्हणाली. "मी फेकलं होतं."

बाई गोंधळून वाघ घेऊन निघून गेली.

"उचलून काऊन आनलं?" गोकुळानं विचारलं. तिचे शब्द अजून जड यायचे. "मले ते डोयासमोर नोको होतं म्हनून फेकलं. तुमी त्याचे चित्रं काढून राह्यले."

"इकनार नाई मी," देवानंद म्हणाला.

"मी इकायचं बोलून नाई राह्यली."

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ताट पुढं केलं की खायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. त्यानं चित्रं उलटी करून ठेवली.

तिसऱ्या दुपारी तो मागच्या खोलीत आला तर ती तिथल्या खुर्चीत बसलेली. टोपलीचं चित्र तिनं एका हातानं कसंबसं सरळ केलं होतं.

"याले निळी सुतळी होती. कुठी गेली?"

खरंच होती. टोपलीचा काठ एका जागी उसवलेला, तिथं प्लास्टिकची निळी सुतळी गुंडाळलेली. बाकीच्या तपकिरी रंगात ती खुपत होती, म्हणून त्यानं वगळली होती.

"बरी दिसत नोती."

"तुमाले वाघायची सवय."

तो खाली बसला. ती बोलू लागली, थांबत थांबत. एकदा बाजाराला जाताना रेल्वे फाटकाजवळ टोपली फाटली. सगळी मासोळी रस्त्यावर. लोक गाड्या थांबवून हसत होते. तिनं एकटीनं मातीतून मासोळी वेचली, नळावर धुतली. एका भाजीवाल्यानं सुतळी दिली. बांधून ती तशीच बाजारात जाऊन बसली आणि सगळी विकून घरी आली.

"कधी झालं हे?"

"आचल पोटात होती तवा."

आचल त्यांची मुलगी. तिच्या लग्नालाही आता चार वर्षं झाली होती.

"मले सांगतलं नाई."

"तुमी काम करून राह्यले होते."

देवानंद उठला. त्यानं निळ्या रंगाची ट्यूब शोधली, टोक वाळून घट्ट झालेलं होतं ते खिळ्यानं फोडलं. गोकुळा बघत राहिली. "एवढी जाड नोको," ती म्हणाली. "तीनच येढे होते." त्यानं पुसून पुन्हा काढले.

"आता जाळं काढू का?" त्यानं विचारलं.

तिनं जाळ्याकडं पाहिलं. "काढा," ती म्हणाली. "पन माह्या समोर. आन झालं का मंग हे सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकून द्या."

त्यानं जाळं स्टुलावर पसरायला घेतलं. कुठली बाजू वर ठेवायची हे विचारायला तो वळला, तर खुर्चीतच तिचा डोळा लागला होता. त्यानं तिची घसरलेली काठी उचलून भिंतीला लावली आणि ती जागी होईपर्यंत तिथंच जमिनीवर बसून राहिला.