कठडा नसलेला जिना

लुएलाच्या घरातला जिना बघायला लोक लांबलांबून अमेरिकेतल्या कनेटिकटला येत. भिंतीतून निघालेल्या ओकच्या फळ्या, खाली आधार नाही, बाजूला कठडा नाही. तो तिच्या नवऱ्याने, वेंडेल स्ट्रॅटनने, ऐन उमेदीत बांधला आणि वास्तुकार म्हणून त्याचं नाव झालं. कौतुक करायला पाहुण्यांचं काय जातं! मुलगी लहान असताना लुएला जिन्याला कपड्यांची दोरी बांधायची आणि कुणी येणार असलं की गुपचूप सोडून ठेवायची.

या हिवाळ्यात ती त्याच जिन्यावरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, कठडा बसवा, नाहीतर यांना वृद्धाश्रमात ठेवा. झोपायच्या खोल्या वर, न्हाणीघर वर. खाली चहूकडे काच, आडोसा म्हणून नाही. स्ट्रेचरवरून वर नेलेली लुएला वरच अडकली.

वेंडेल कामाला लागला. शेजारच्या खोलीत म्हातारा पुन्हा कागदावर वाकलेला पाहून तिला हुरूप आला, वेडीला. पितळेचा कठडा रेखाटून झाला, लोखंडाचा झाला, लाकडाचा झाला. कागद फाटल्याचा आवाज तिला पलंगावर ऐकू येई. बर्फ वितळलं तरी कठडा कागदावरच होता.

शेवटी मुलगी कॉरिन वैतागली. "बाबा, मी दुकानातून साधा पाइप आणते. सुतार तासाभरात ठोकून देईल."

"देईल ठोकून. पण मग तो जिना राहणार नाही."

"आई राहील ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लुएलाच्या उशाशी येऊन बसला.

"नाही जमत गं. काहीही लावलं तरी जिना मरतो."

मरू दे मेला, असं तो आता म्हणेल म्हणून ती थांबली. त्याने वृद्धाश्रमाच्या बागेचं वर्णन सुरू केलं. त्याचे डोळे भरले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं. तिला त्या खरेपणाचीच जास्त भीती वाटली. त्याने खरंच जीव तोडून प्रयत्न केला होता, आणि तरी तीच वजा झाली होती.

दोन माणसांनी तिला स्ट्रेचरवरून खाली उतरवलं.

"सांभाळून रे," वेंडेल मागून कळवळून म्हणाला.

तिने मान वळवली. तो खाली वाकून एका फळीच्या कडेवरून बोट फिरवत होता.