माझ्या नाकावरचं हरीण

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे, आणि आज मी आडपडदा न ठेवता सांगते की माझा नुसता जळफळाट होतो आहे. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसला आलाय मत्सर? तुमच्या जागेवर एकदा कुणी दुसऱ्याला आणून उभं केलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही साऱ्या बहिणी एका रांगेत पुढे सरकायचो. कुणाला दारं लागायची, कुणाला चाकं. सगळ्यात शेवटी एक बाई यायची आणि प्रत्येकीच्या नाकावर धावत्या हरणाचा चकचकीत बिल्ला दोन स्क्रूंनी बसवायची. आमच्या कंपनीची ती खूण. हरीण बसलं, की आम्ही सासरी जायला मोकळ्या.

माझं सासर म्हणजे काचवाल्यांचं घर. पुढे दुकान, मागे अंगण, अंगणात पत्र्याची शेड. थोरले काचवाले मला घेऊन आले, तेव्हा माझे आताचे मालक, म्हणजे त्यांचा मुलगा, शाळेत जात होते. कंपनीने गाडीबरोबर हरणाची एक टोपी दिली होती. ती मालकांनी जी डोक्यावर चढवली, ती जेवतानाही काढली नाही.

काच वाहून न्यायचं काम वाटतं तितकं सोपं नसतं. काच आडवी निजवायची नसते, उभी टेकवायची असते. त्यासाठी माझ्या पाठीवर एक तिरपी लाकडी घोडी बसवली होती आणि तिला जुनी ब्लँकेटं गुंडाळली होती. तिच्यावर काचा टेकवायच्या, मधे मधे कागद घालायचे, मग दोरीने बांधायच्या, पण फार आवळायच्या नाहीत. गतिरोधक आला, की थोरले एकेक चाक अलगद चढवायचे आणि मला म्हणायचे, "सावकाश गं बाई, पोटुशी आहेस." मी जीव मुठीत धरून चालायची. शाळांच्या खिडक्या, दवाखान्याची दारं, दुकानांची कपाटं, सगळ्यांच्या काचा मी पोचवल्या. एखाद्या घराच्या खिडकीवर ऊन पडलेलं दिसलं, की मला वाटायचं, ही माझी. त्याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हते.

पुढे थोरल्यांची नजर मंदावली. काच कापायची हिरकणी त्यांच्या हातात थरथरू लागली, तेव्हा त्यांनी धंदा मुलाच्या हवाली केला. मालकांचं हरणावर भारी प्रेम. किल्लीला हरीण, भिंतीवर हरीण, बोलण्यातही हरीण. "आपण हरणाची माणसं," असं ते चारचौघांत छाती काढून सांगायचे. मालकीणबाईंचा भाऊ दुसऱ्या कंपनीची पिकअप चालवायचा. तिच्या नाकावर त्रिकोणाचा बिल्ला होता. मेहुणे-मेहुणे एकत्र आले, की चहा गार होईपर्यंत हरीण आणि त्रिकोण यांची जुंपायची. एकदा भर पावसात मी चढावर बंद पडले. मेहुणा दोर घेऊन धावत आला.

"त्रिकोणाच्या मागे बांधून नेलेली मला चालणार नाही," मालक म्हणाले.

"अहो दाजी, भिजताय."

"भिजू दे."

हरणाची दुसरी गाडी शोधत ते पायी निघाले. ती मिळाली तोवर पाऊसही संपला होता. मग चांगला सणसणून ताप भरला. औषध देताना मालकीणबाई म्हणाल्या, "आता हरणालाच बोलवा पाय चेपायला."

मला त्या तापाचंसुद्धा कौतुक वाटलं. माझ्यासाठी एवढा जीव टाकणारा माणूस दुसऱ्या कुणाच्या नशिबी असेल, असं मला वाटत नव्हतं. ते प्रेम माझ्यावर आहे, असं मी धरून चालले होते.

मग माझा तळ गंजू लागला, दुसरा गिअर अडकू लागला. तेही चालवून घेतलं असतं, पण लोकांना एकाएकी भिंतीएवढ्या काचा हव्या झाल्या. त्या माझ्या पाठीवर मावेनात. मोठी कामं दुसऱ्या काचवाल्यांकडे जाऊ लागली आणि घरात नव्या गाडीचा विषय निघाला. कुठली घ्यायची, हा प्रश्नच नव्हता. हरणाचीच.

मालक मला घेऊनच शोरूमला गेले. शोरूमच्या दर्शनी भागाच्या लहान तावदानांच्या काचा मीच वाहून आणल्या होत्या. त्याच काचांतून मला माझी धाकटी बहीण दिसली. लांब पाठ, रुंद कपाळ, वर दिव्यांचा झगमगाट. येणारा प्रत्येक जण तिला हात लावून बघत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. एकाच माहेरच्या आम्ही, पण मला असं दिव्याखाली कुणी कधी उभं केलं नव्हतं. त्यात ती आली, की जुनी गाडी कंपनीला परत द्यायची, असं ठरलेलं. म्हणजे तिला शेड आणि मला भट्टी.

तेवढ्यात टाय लावलेल्या विक्रेत्याने किंमत सांगितली. मालकांचा चेहरा पडला आणि माझ्या जिवात जीव आला. "विचार करून येतो," असं म्हणून ते उठले.

काही महिन्यांनी पैशांची जुळवाजुळव करून ते पुन्हा गेले, तर किंमत आणखी पुढे गेलेली.

"अहो, मागच्या वेळी तुम्ही कमी सांगितली होती."

"ती मागच्या वेळची, साहेब. आता हिच्यात स्क्रीन आलीये. मागे घेताना ही बोलते."

"बोलायला घरी माणसं आहेत. मला नुसती लांब पाठ हवी."

"पाठ स्क्रीनबरोबरच येते."

तिसऱ्या वेळी किंमत ऐकून मालक खुर्चीत बसलेच. टायवाला गोड हसून म्हणाला, "तुम्ही काय, घरचेच. हरणाचं गिऱ्हाईक हरीण सोडून जात नाही." घरच्यांना सवलत किती, असं मालकांनी विचारलं. त्याने आत जाऊन एक टोपी आणून दिली.

ती टोपी पाहून मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "हिच्यावर काचा लादणार का?"

त्यानंतर मालकांनी दोन दिवस वहीत आकडेमोड केली. मग एका सकाळी मेहुण्याबरोबर गुपचूप बाहेर पडले आणि त्रिकोणाची गाडी ठरवून आले. त्या लोकांनी मला भंगाराच्या भावात मागितलं, तेव्हा मात्र मालक भडकले. "हरणाची आहे ती. भंगार नाही," असं त्यांनी ठणकावलं. म्हणून मी वाचले. वाचले खरी, पण सवत घरात आली.

पांढरीफेक, लांबलचक, दार लावलं तरी आवाज नाही. तिला शेड मिळाली, मला भिंतीकडेची जागा. माझ्या घोडीच्या फळ्या उचकटून तिच्यासाठी मोठी घोडी केली. माझी ब्लँकेटंसुद्धा तिला दिली. मी बघत राहिले.

थोरले तेव्हा लेकीकडे राहायला गेले होते. ते परत यायच्या दिवशी दुपारी मालक स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्यापुढे उकिडवे बसले. इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या नाकावरचं हरीण काढून घेतलं. सवतीच्या नाकावरचा त्रिकोण आधीच उतरवलेला होता. तिथे त्यांनी काचेला लावायच्या चिकट मसाल्याने माझं हरीण चिकटवलं.

"हे काय चाललंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"बाबांना कळायला नको. त्यांनी जन्मभर एकच कंपनी धरली. या वयात त्यांना कशाला दुखवू?"

"अहो, पण ही लबाडी किती दिवस पचणार?"

"त्यांना दिसतंय कुठे? ते हात लावून बघतात. हाताला हरीण लागलं, की झालं."

मित्रांनो, गाडी गेली, शेड गेली, तोवर मी गप्प होते. पण माझं नाक तिच्या तोंडावर पाहून मला असं झालं, की हिचे चारही टायर आत्ता फुटावेत. माझ्या माहेरची खूण माझ्याच सवतीला लावली होती. तेव्हा मला उमगलं, की मालकांचा जीव माझ्यावर नव्हताच, त्या बिल्ल्यावर होता.

थोरले आले. काठी टेकत शेडमध्ये गेले, नव्या गाडीच्या नाकावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं झालं. दणकट दिसतेय." मालकांनी सुटकेचा श्वास टाकला. मग थोरले भिंत धरत माझ्याकडे आले. त्यांची बोटं माझ्या नाकावर आली आणि स्क्रूच्या दोन भोकांवर थांबली.

"हिचं हरीण कुठे गेलं?"

थोरल्यांनी बोटं एकमेकांवर चोळली. नव्या गाडीच्या हरणाचा चिकट मसाला अजून त्यांना लागलेला होता.

"मी विचारतोय, हिचं हरीण त्या गाडीवर कशाला लावलंस?"

मालकांनी मान खाली घातली. "बाबा, ती त्रिकोणाची आहे. हरणाची परवडेना. तीनदा गेलो, तिन्ही वेळा भाव चढलेला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

थोरले बराच वेळ हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "अरे, मला तेव्हा त्रिकोणाचीच हवी होती. पण ती महाग होती. बाजारात सगळ्यात स्वस्त ही होती, म्हणून घेतली."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू ती टोपी घालून गावभर मिरवत होतास. म्हटलं, पोराचा आनंद कशाला घालवा?"

बापाने मुलासाठी तोंड मिटलं, मुलाने बापासाठी. दोघे हसले, मालकीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि चहा टाकायला गेल्या. हसू नाही आलं, ते मला. इतकी वर्षं मी स्वतःला या घराची निवड समजत होते. मी निवड नव्हते, मी काटकसर होते. त्यांच्या मनात पहिल्यापासून सवतच होती.

"त्या गाडीला दुसऱ्याचं नाव लावू नकोस," थोरले म्हणाले. "जिचं तिला दे."

मालकांनी हरीण सोडवून पुन्हा माझ्या नाकावर बसवलं. थोरल्यांनी स्वतः ते फडक्याने पुसलं. आता दुकानात कुणी आलं, की मालक मला दाखवतात आणि सांगतात, "ही आमची जुनी." लोक हरणाला हात लावून बघतात आणि मग आपल्या कामाचं बोलायला आत जातात.

सवतीच्या नाकावर मसाल्याचा डाग राहिला आहे आणि तिचा त्रिकोण कुठे तरी हरवला. तिचं काही बिघडलं नाही. रोज सकाळी तिच्या पाठीवर काचा चढतात, दोऱ्या बांधल्या जातात, मालक तिच्याशी हळू आवाजात काहीबाही बोलत फाटकाबाहेर पडतात आणि मी भिंतीशी चकाकत उभी राहते. तिच्याइतकं सुखी या घरात कुणी नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी जुनं काही असेल. सायकल असेल, शिवणयंत्र असेल, आजोबा असतील. त्यांना पुसून, सजवून, मान देऊन कोपऱ्यात बसवलंत, म्हणजे तुमचं काम संपलं असं समजू नका. झेपेल तेवढं काहीतरी त्यांच्याकडून करून घ्या. भिंतीएवढ्या काचा सवतीने खुशाल न्याव्यात. पण कुणाच्या तरी घरी खिडकीची एखादी लहानशी काच फुटली असेल, तर आमच्या मालकांना सांगा. तेवढी माझ्या पाठीवर अजून सहज मावते.